पासवाल्यांचा बॅण्ड

(ब्रिस्बेन. संध्याकाळ. गाडी भाच्याची. शेजारी मामा बसलेले. मामा सांगलीचे, उभी हयात नाटकांची कंत्राटं घेण्यात गेली, आता निवृत्त. म्हणजे कंत्राटं घेत नाहीत, नुसती मतं देतात. नदीपलीकडच्या स्टेडियमवर रग्बीचा सामना आहे, त्यामुळे पुलाच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली आहे. गाडीत गाणं चालू आहे.)

मामा: काय लिहिलंय रे त्या पाटीवर? गो बिटवीन ब्रिज? गो-बिटवीन म्हणजे मध्यस्थ ना? दलाल?

भाचा: शब्दशः तसंच.

मामा: कमाल आहे. आपल्याकडे पूल दलाल बांधतात आणि नाव पुढाऱ्याचं देतात. इथं थेट दलालाचंच?

भाचा: दलालाचं नाही हो, बॅण्डचं. द गो-बिटवीन्स. हे वाजतंय ना, तेच. 1977 साली ह्याच गावात निघाला. रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन, विद्यापीठातले दोघे मित्र. नाव घेतलं एल. पी. हार्टलीच्या कादंबरीवरून. तिच्यात एक पोरगा दोघा प्रेमिकांच्या चिठ्ठ्या पोचवत असतो.

मामा: चिठ्ठ्या पोचवणाऱ्याचं कधी लग्न ठरलंय का लेका? नावातच अपशकुन. पण पुलाला नाव दिलंय म्हणजे बडं प्रस्थ असणार.

भाचा: बडंच. फक्त कुणाला माहीत नाही. आमच्या ऑफिसात विचारलं तर पूल सगळ्यांना माहीत.

मामा: हं. (सीट मागे सरकवतात. रोग्याला पथ्य सांगायला वैद्य बसतो तसे बसतात.) पहिल्यापासून सांग. पहिली रेकॉर्ड?

भाचा: 1978. एका बाजूला ग्रंथालयातल्या बाईवर गाणं. हा पोरगा जातो, ती त्याला हेमिंग्वे काढून देते, ब्रेख्त देते, जॉइस देते...

मामा: आणि नायिका?

भाचा: तीच नायिका.

मामा: दुसऱ्या बाजूला?

भाचा: ली रेमिक नावाच्या नटीवर.

मामा: मग नटीची बाजू वर ठेवायची, येवढंही कळू नये?

भाचा: तीच वर होती, मामा.

(मामा गप्प. पुढची गाडी दोन फूट सरकते. ही गाडीही सरकते.)

मामा: दोघांतला गवई कोण?

भाचा: दोघेही. गाणी दोघे लिहितात, आपापली गातात. गंमत म्हणजे मॅक्लेननला सुरुवातीला एकही वाद्य येत नव्हतं. तो सिनेमावेडा. फॉर्स्टरनं त्याला बेस गिटार शिकवली, कारण बॅण्ड मित्राबरोबरच काढायचा होता.

मामा: माझ्या मेव्हण्याला मी असाच प्रकाशयोजनेला घेतला होता. पहिल्या अंकात अंधार, दुसऱ्यातही अंधार. तिसऱ्या अंकाला प्रेक्षकच उरले नाहीत.

भाचा: पण हा मेव्हणा निघाला अस्सल. गोड चाली बहुतेक त्याच्याच. पुढे ढोलावर लिंडी मॉरिसन आली, मग व्हायोलिन आणि ओबोवर अमांडा ब्राउन.

मामा: चांगलं आहे की. पण जाहिरातीत फोटो कुणाचा छापायचा? हे बघ, कंत्राटदाराला एक चेहरा लागतो. भिंतीवर डकवला की रिक्षावाल्याला लांबून ओळखता यायला हवा. तुझ्याकडे दोन नायक, दोघेही कवी.

भाचा: फॉर्स्टर स्टेजवर बाईचा ड्रेस घालूनही उभा राहायचा.

मामा: त्यात काय? बालगंधर्वांनी शालू नेसला आणि बायका त्यांची नेसण बघून पदर घ्यायला लागल्या. गल्ला भरून वाहिला, तरी मंडळी कर्जात गेली. तुझ्यांनी मधली पायरीच गाळली.

भाचा: मामा, हे ऐका. (आवाज वाढवतो.) 1983 सालचं. 'कॅटल अँड केन'. मॅक्लेनननं लंडनमध्ये बसून लिहिलं, हातात गायक निक केव्हची गिटार. लहानपण क्वीन्सलँडच्या उत्तरेकडचं. वडील तो चार वर्षांचा असतानाच गेले. शाळेतून घरी परतणारा मुलगा, उसाचे मळे, वडिलांचं घड्याळ.

मामा: ऊस? (पहिल्यांदाच रेडिओकडे बघतात.) लंडनमध्ये बसून उसावर गाणं? आमच्याकडे उसावर मोर्चे निघतात, निवडणुका होतात, लग्नं ठरतात. गाणं सुचलेलं ठाऊक नाही.

(मामा डॅशबोर्डवर तर्जनीनं ठेका धरतात. एकदा चुकतो. पुन्हा धरतात, पुन्हा चुकतो. चष्मा काढतात. नाटकाच्या हार्मोनियमवाल्याचा पगार टाळत आलेला हा माणूस, पण कान पक्का.)

मामा: थांब, थांब. आठ नाहीत हे. एक, दोन, तीन... नऊ, दहा, अकरा. अकरा मात्रा?

भाचा: अकरा!

मामा: हा रुद्र ताल झाला की रे! पखवाजी मंडळी ह्याला हात जोडतात. नाचायचं कसं ह्याच्यावर? पोरगी उजवा पाय टाकून सुरू करेल आणि सम यायच्या वेळी डाव्यावर उभी असेल. पोरगा तिच्या पायावर.

भाचा: 2001 साली इथल्या संगीतकारांच्या संस्थेनं काढलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सर्वोत्तम 30 गाण्यांत हे आहे.

मामा: 2001 साली. आणि गाणं 83 चं. त्या 18 वर्षांत पोरानं खायचं काय? बरं, इतकं गाव आवडतं तर लंडनला का गेले?

भाचा: तेव्हाचं ब्रिस्बेन वेगळं होतं. 1968 ते 87 एकच मुख्यमंत्री, जो बियेल्के-पीटरसन. 1977 साली त्यानं रस्त्यावरच्या मोर्च्यांवर बंदी घातली. पोलीस गाण्याच्या कार्यक्रमातही घुसायचे. जो उठला तो सिडनी नाहीतर लंडन.

मामा: आणि तिथं? कंपनी कुठली?

भाचा: ग्लासगोची पोस्टकार्ड. मग रफ ट्रेड. मग सायर. मग बेगर्स बँक्वेट...

मामा: बास. मुक्काम आहेत की एसटीचे थांबे? प्रत्येक कंपनी नवं पोस्टर छापते, जुनं पोस्टर लोक विसरतात. 

भाचा: पण नावांचं मात्र त्यांनी सातत्य ठेवलं. पहिल्या सहाही अल्बमांच्या नावांत इंग्रजी 'एल' निदान दोनदा आहे. 'बिफोर हॉलिवूड', 'स्प्रिंग हिल फेअर', 'टलूला', '16 लव्हर्स लेन'...

मामा: टीव्हीवाल्या त्या बाईंनी मालिकांमागून मालिका 'क'वरून काढल्या. घराघरात पोचल्या. तुझ्यांनी सहा वेळा 'ल' लावून पाहिलं. निष्कर्ष उघड आहे.

भाचा: एकदा हमखास चालणारं गाणं केलंच होतं, मामा. 1988. 'स्ट्रीट्स ऑफ युअर टाउन'. अशी उन्हं पडलेली चाल की नळावर पाणी भरतानासुद्धा गुणगुणावी. फक्त शब्दांत मध्येच नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका आणि खाटकाच्या सुऱ्या येतात.

मामा: मंगलाष्टकाच्या चालीवर मर्तिकाचा निरोप! पाहुणे अक्षता टाकणार की पाणी सोडणार? कुठवर गेलं?

भाचा: ब्रिटनच्या पहिल्या 75 मध्येही आलं नाही. पुढच्या वर्षी आर. ई. एम. नावाच्या बॅण्डच्या युरोप दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवायला मिळालं. वर्ष संपता संपता बॅण्डच मोडला.

मामा: म्हणजे नाटकाआधीची एकांकिका. लोक तेव्हा बटाटेवडा खात असतात. बरं मला सांग, कौतुक कुणी केलं?

भाचा: समीक्षकांनी! इंग्लंड, अमेरिका, सगळीकडे. डोक्यावर घेतलं.

मामा: समीक्षकांना रेकॉर्ड मिळायची कशी?

भाचा: कंपनी पाठवायची.

मामा: विकत?

भाचा: छे, भेट.

मामा: पासवाले! (मांडीवर थाप मारतात.) सापडला रोग. पावसाळ्यात एकदा पुण्याहून असंच एक प्रायोगिक नाटक आणलं होतं. पहिल्या तीन रांगा भरलेल्या, सगळे झोळीवाले. मागे अंधार. पडदा पडला तसे तिन्ही रांगा उठून उभ्या, टाळ्या थांबेनात. नटाच्या डोळ्यांत पाणी. मी आत गल्ला मोजत होतो, माझ्याही डोळ्यांत पाणी. त्यात हे लोक चर्चेला थांबले दोन तास. चहाचं बिल गल्ल्याच्या वर गेलं. त्या नाटकावर सहा लेख आले, तिकिटं गेली नऊ. टाळी फुकट असते बाळा, म्हणून जोरात वाजते.

भाचा: फॉर्स्टर पुढे स्वतःच समीक्षक झाला. 2006 साली त्याबद्दल पुरस्कारही मिळाला.

मामा: म्हणजे तोही शेवटी पासात जाऊन बसला. शहाणा. आणि दुसरा?

भाचा: 2000 साली दोघे परत एकत्र आले होते. तीन अल्बम केले. 2005 साली देशाचा आरिया पुरस्कार मिळाला, प्रौढ श्रोत्यांच्या विभागात. पुढच्या मे महिन्यात मॅक्लेनन गेला. घरी पार्टीची तयारी चालली होती. हृदयविकार. 48 वर्षांचा होता.

(मामा काही बोलत नाहीत. गाणं संपतं. मामाच हात पुढे करून ते पुन्हा लावायला बघतात, चुकून वायपर सुरू करतात.)

भाचा: मग नव्या पुलाला नाव काय द्यावं म्हणून लोकांची मतं घेतली. 2010 ला उघडला.

मामा: माणूस गेल्यावर पूल. इथं मात्र आपण एकाच गोत्राचे. (थांबून) तू काय देतोस त्यांना?

भाचा: मी? मी त्यांच्यावर जीव टाकतो, मामा.

मामा: पैसे विचारतोय.

भाचा: ...अॅपवर ऐकतो.

मामा: आणि उद्या हे गाणं रिक्षा-रिक्षात वाजलं तर?

भाचा: (बराच वेळ विचार करून) खरं सांगू? थोडा राग येईल.

मामा: पहिल्या तीन रांगांतला आहेस तू. 

(रांग सुटते. गाडी पुलावर चढते. खाली तपकिरी नदी. काचेवरचं यंत्र 'टिंग' करतं.)

मामा: हे काय वाजलं?

भाचा: टोल.

मामा: नाका कुठाय?

भाचा: नाका नसतो इथं. आपोआप कापतात.

मामा: सगळ्यांचे? बॅण्ड माहीत नसला तरी?

भाचा: सगळ्यांचे.

मामा: त्यातले बॅण्डला किती?

भाचा: काही नाही. टोल कंपनीला जातात.

मामा: आणि परतताना?

भाचा: परतताना पुन्हा कापतात.