साडेपाच लिटरचा युरोप

आम्ही सहा जण म्युनिकहून मोटारसायकलींवर आल्प्स ओलांडून इटलीत जाणार आणि वाटेत तंबूत राहणार, असं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "गाडी कुठली?" मी फोटो पाठवला. दोन मिनिटांत सांगलीहून उत्तर आलं, "अरे, ही तर एम-80!"

ती एम-80 नव्हती. होंडाची मंकी होती, चांगली 125 सीसीची. पण ज्या घरात वर्षानुवर्षं एम-80वरून दूध आलं, तिथे सव्वाशे सीसीचा युक्तिवाद चालत नाही. "आपल्या गवळ्याच्या गाडीला निदान दोन्हीकडे कॅन तरी असायचे," आई म्हणाली, "तुझ्या त्या गाडीला काय आहे?"

काही नव्हतं, हे खरंच. या गाडीचा जन्मच खेळण्यातला. 1961 साली टोकियोतल्या तामा टेक नावाच्या बागेत पोरांना चकरा मारायला म्हणून होंडाने तिचा पहिला अवतार काढला. तिच्यावर मोठं माणूस बसलं की ते माकडासारखं दिसायचं, म्हणून नाव पडलं मंकी. आताची मंकी मोठ्यांसाठी आहे असं कंपनी म्हणते. मी पाच फूट तीन इंच. मोठ्या गाड्यांवर माझे पाय जमिनीशी फक्त पत्रव्यवहार करतात, त्यामुळे मला ती बरोबर बसते. पण आमचा कॅप्टन सहा फूट आणि चौऱ्याण्णव किलो. मागून पाहिलं तर त्याच्याखाली गाडी दिसतच नाही. एक गृहस्थ बसल्या बसल्या रस्त्यावरून पुढे सरकतोय, एवढंच दिसतं.

बाकी मंडळी अशी. कॅप्टनची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ही आमच्यातली एकमेव खरी चालक. डॉक्टर, पण पदार्थविज्ञानातला, म्हणजे आजारी पडल्यास निरुपयोगी. सुपर कबवर खजिनदार. जगात दहा कोटींवर खपलेली गाडी आपल्याला फसवणार नाही, असा त्याचा हिशेब होता. आणि सहावा, आमचा हौशी भिडू.

हा सहावा गारमिशला गळाला. सरहद्दीआधीच्या शेवटच्या पंपावर खजिनदाराने सगळ्यांचे परवाने मागून घेतले आणि त्याच्या परवान्याच्या मागच्या बाजूला त्याला 196 हा आकडा दिसला. जर्मनीत कारच्या परवान्यावर थोडे वर्ग केले की परीक्षा न देता 125 सीसी चालवता येते. त्या मुभेचा हा आकडा, आणि ती मुभा फक्त जर्मनीच्या हद्दीत. पुढे ऑस्ट्रिया. "जाऊ दे रे, कोण बघतंय!" असं आम्ही तिघे एकदम म्हणालो. पण तो चौदा वर्षं जर्मनीत राहिलेला. 'कोण बघतंय' हे वाक्य आता त्याला ऐकूच येत नाही. त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, हेल्मेट घातलं आणि परत फिरला. त्याच्या पिशवीतून तंबूंचे सगळे खुंटेही परत गेले, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

युरोपात मोटारसायकलवाले समोरासमोर आले की डावा हात खाली सोडून एकमेकांना सलाम करतात. फार लोभस पद्धत आहे. पहिल्या दिवशी मी एकोणतीस वेळा हात केला. उलटे चार आले, त्यातला एक माशी हाकलत होता. बाकीच्या मोठाल्या गाड्यांवरच्या लोकांनी आमच्याकडे, लग्नाच्या मांडवात बेंडबाजाबरोबर आत शिरलेल्या पोरांकडे पाहावं तसं पाहिलं.

ऑस्ट्रियातल्या मोठ्या महामार्गांसाठी शुल्क भरून विन्येट घ्यावं लागतं. खजिनदाराने ते ताबडतोब नामंजूर केलं आणि आम्हाला फर्नपासच्या फुकट रस्त्यावर घातलं. या माणसाची खरी गोष्ट परतीच्या वाटेवरची आहे, पण आताच सांगून टाकतो. इटलीतलं लिविन्यो हे गाव करमुक्त आहे, तिथे पेट्रोल स्वस्त. म्हणून त्याने आम्हाला मुद्दाम एक घाट चढवून तिथे नेलं. मंकीची टाकी 5.6 लिटरची, त्याच्या सुपर कबची 3.7. पाच गाड्यांत मिळून सतरा लिटर गेलं. पंपावरच्या मुलाने हे सतरा लिटर पाच वेगवेगळ्या पावत्यांवर लिहिलं. वाचलेले पैसे खजिनदाराने वहीत मांडले आणि गावाबाहेरच्या एकेरी बोगद्याच्या टोलनाक्यावर त्याहून जास्त भरून आम्ही स्वित्झर्लंडमध्ये निघालो. टोलचं पान त्याने वहीतून फाडलं की ते आपोआप निघालं, यावर अजून वाद आहे.

तर पहिली रात्र नाउडर्सची. समुद्रसपाटीपासून जवळजवळ चौदाशे मीटर, साडेनऊ वाजलेले, वर पाऊस. तंबू निघाले, काठ्या निघाल्या, खुंटे निघेनात. शेवटी वहिनींनी तंबूंच्या दोऱ्या मोटारसायकलींना बांधल्या. एका तंबूला दोन मंकी, दुसऱ्याला व्हेस्पा. गोठ्यात बांधावीत तशी.

मग खिचडी. वहिनींनी आपल्या गाडीवरून दीड लिटरचा कुकर आणला होता. निघताना आम्ही त्याला फार हसलो होतो. आता डॉक्टर पुढे झाला. "या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ रात्रभर शिजणार नाही. कुकर हवाच." सबंध सहलीत त्याच्या डॉक्टरेटचा झालेला हा एकमेव उपयोग.

बाकी सगळं ठीक होतं, फक्त रात्री दहा वाजता तिथली शांततेची वेळ सुरू होते, हे फाटकावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पहिली शिट्टी दहा वाजून दहा मिनिटांनी झाली. दऱ्या-डोंगरात शिट्टी काय घुमते, हे आपल्या स्वयंपाकघरात कधी कळत नाही. समोरच्या डोंगराने ती ऐकली, विचार केला आणि परत पाठवली. कॅरव्हॅनमध्ये दिवे लागले. "गॅस बंद करा!" खजिनदार कुजबुजला. "तीन झाल्याशिवाय नाही," वहिनी म्हणाल्या. कॅप्टनने आपलं जॅकेट कुकरवर टाकलं आणि वरून मिठी मारली. दुसरी शिट्टी त्याच्या काखेतून, सर्दी झाल्यासारखी आली.

अंधारातून एक दिवा आमच्याकडे येऊ लागला. दिव्याखाली सत्तरीचे एक जर्मन आजोबा, पायात सपाता. त्यांनी कुकरकडे पाहिलं, कुकरला मिठी मारलेल्या कॅप्टनकडे पाहिलं, मोटारसायकलींना बांधलेल्या तंबूंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि एक शब्द न बोलता ते परत गेले. "तक्रार करायला गेले," खजिनदार म्हणाला आणि दंड पाच जणांत वाटू लागला.

आजोबा आले ते सपाता काढून, बूट घालून, हातात बारा खुंटे घेऊन. दहानंतर हातोडी चालत नाही, म्हणून त्यांनी एकेक खुंटा टाचेने दाबत जमिनीत घातला. मग ते कुकरपाशी उकिडवे बसले. ते मारबुर्गचे निघाले, निवृत्त शिक्षक. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 साली लंडनमध्ये वाफेचं असं बंद भांडं केलं आणि पुढे तो मारबुर्गला प्राध्यापक झाला, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. तेव्हा हा कुकर एका अर्थी त्यांच्याच गावचा. "शिट्टी मात्र तुमची," ते गंभीरपणे म्हणाले आणि ताटली पुढे केली. खिचडी त्यांनी दोनदा घेतली. सकाळी खुंटे मोजून घेतले, अकरा भरले. बाराव्यासाठी आम्ही सहा जण पाऊण तास ओल्या गवतात ओणवे होतो.

पुढे रेशेनचं तळं लागलं. 1950 साली धरणात गाव बुडालं, चर्चचा मनोरा तेवढा पाण्याबाहेर राहिला. सगळे फोटो काढत होते. आमचा खजिनदार इंदापूरकडचा. उजनीचं पाणी ओसरलं की वर येणारं पळसदेवचं देऊळ त्याने लहानपणापासून पाहिलेलं. तो गाडीवरून उतरला नाही. पार्किंगचे पैसे वाचवतोय असं आम्हाला वाटलं होतं.

आणि मग स्टेल्वियो. 2757 मीटर उंच, प्राडच्या बाजूने अठ्ठेचाळीस वळणं, प्रत्येकावर आकडा. खाली 48, वर 1. आकडे उतरत जातात आणि तुम्ही चढत जाता. हवा विरळ होते तसा इंजिनाचा दम जातो, हजार मीटरला साधारण दहा टक्के. म्हणजे मंकीचे मुळातले नऊ घोडे वर पोहोचेपर्यंत सातसुद्धा उरत नाहीत, आणि कॅप्टन मात्र चौऱ्याण्णव किलोच राहतो. बाविसाव्या वळणावर गाड्या निववायला थांबलो, तेव्हा बॅटरीच्या सायकलवरून एक आजी हात हलवत गेल्या. सोळाव्यावर आम्ही त्यांना गाठलं. अकराव्यावर थांबलो, त्या पुन्हा पुढे. ससा-कासवाचीच शर्यत, फक्त कासव कोण ते ठरेना. माथ्यावर त्या आमच्या आधी पोहोचल्या, टाळ्याही वाजवल्या.

वर मोठ्या गाड्यांची जत्रा. आम्ही पाचही जण धापा टाकत उतरलो, आणि आदल्या दिवशी ज्यांनी हात केला नव्हता त्याच जातीची माणसं आमच्याभोवती गोळा झाली. एक डच गडी, दारातून वाकूनच जावं लागेल असा, माझ्यापाशी येऊन लाजत म्हणाला, "जरा बसू का हिच्यावर?" बसला. गुडघे कानांशी आले. त्याचा आनंद बघवेना. मला संकोच वाटू नये म्हणून त्याने मला आपल्या 1250 सीसीच्या धुडाशेजारी उभं केलं, आणि वहिनींनी दोघांचा एकत्र फोटो काढला.

तो मी लगेच आईला पाठवला. या वेळी उत्तर यायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"बरं झालं, मोठी घेतलीस. मागे एम-80वर बसलाय तो तिकडचा गवळी का?"