थांबण्याची हौस

वेगाचा अभिमान माणसाला होतो हे जगजाहीर आहे. परंतु थांबण्याचाही गर्व होऊ शकतो, आणि तो वेगाच्या गर्वाहून अधिक चिवट असतो, हे ज्ञान मला माझ्या प्रीमियर पद्मिनीने दिले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही वयोवृद्ध विदुषी चारही चाकांना ड्रम ब्रेक धारण करते, आणि तुळजापूरचा घाट उतरताना ते तापले म्हणजे पायाखालचे पॅडल अशा मवाळपणे खाली जाते, की आपण गाडीला हुकूम फर्मावीत नसून तिच्या दरबारी अर्ज गुजरत आहोत, असे वाटू लागते. यात कारखान्याचा काडीमात्र दोष नाही. उष्णतेने ड्रम प्रसरण पावतो, त्याला गाठण्यासाठी आतल्या शूंना अधिक दूर जावे लागते, लायनरची पकडही उणावते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हा हिशेब कुर्ल्याने नव्हे, सृष्टिकर्त्याने मुक्रर केलेला आहे.

या व्याधीवर डिस्क ब्रेक हाच रामबाण उपाय, असे मी ठरवले. डिस्क उघड्यावर फिरते, वाऱ्याने लवकर निवते, पाणी झटकून टाकते. ही सर्व कारणे शास्त्रशुद्ध होती आणि ती मी न विचारणाऱ्या मंडळींनाही विस्ताराने सांगितली. लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1902 सालीच अशा ब्रेकचे पेटंट घेतले, आणि 1953 साली ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकांच्या बळावर बाजी मारली, हे आख्यान मी कीर्तनकाराच्या तन्मयतेने लावीत असे. सांगत नसे ते एवढेच, की ड्रमच्या आत काय दडले आहे ते कोणाला दिसत नाही, डिस्क मात्र चाकाच्या भोकांतून दिसते. आणि ‘हे काय नवीन?’ असे कोणीतरी वाकून विचारील त्या क्षणाचे उत्तर मी आधीच पाठ करून ठेवले होते. ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जिला नेण्यास आपण धजत नाही तिला शर्यतीचे ब्रेक कशाला, असा प्रश्न घरात उपस्थित झाला. तो मी दप्तरदाखल केला.

शिवाय थांबण्याच्या शास्त्रात आमचा मुलूख काही कालचा नव्हे. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शीस आणि 1911 साली लातुरास पोहोचली. लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते (1982 साली ते विभक्त झाले, ती जखम मी येथे उकरत नाही). खुद्द उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, तिने बगल दिल्यामुळे निजामाच्या राज्यातील या जिल्ह्याच्या हाकिमालासुद्धा गाडीसाठी येडशी गाठावी लागे. ती रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे गृहस्थ मला पूज्य आहेत, ते रेल्वेपेक्षाही त्यांच्या पुढच्या उद्योगामुळे. मोटारींच्या जगात रोल्स-रॉइस या नावाने अमर झालेले चार्ल्स रोल्स हे त्यांचे स्नेही 1910 साली विमान कोसळून मरण पावले, आणि पुढे कॅलथ्रॉप यांनी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री सिद्ध केली. आकाशातून पडणाऱ्या माणसाला लावलेला ब्रेकच तो! आमच्या येडशीवरून जाणारी गाडी ज्याने आखली त्यानेच पुढे माणसाचे पतन सावकाश व्हावे म्हणून बुद्धी झिजवावी, यात मला जिल्ह्याचा काहीतरी वाटा दिसतो; इतिहासकार तो मान्य करणार नाहीत, पण इतिहासकारांना येडशी ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धात बहुतेक ब्रिटिश वैमानिकांना मात्र छत्री मिळाली नाही. ती दिली तर ते लढायचे सोडून उडी मारतील, अशी भीती काही वरिष्ठांना वाटत होती, असे सांगतात. जमिनीवर बसून हुकूम सोडणाऱ्यांना दुसऱ्याच्या ब्रेकची गरज सहसा पटत नाही.

डिस्क बसवायला गाडी गॅरेजात नेली, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी मात्र माझे आख्यान पुरते ऐकून घेतले. “बसवू की साहेब,” ते म्हणाले, “पण स्टब बदलावा लागंल, मास्टर सिलिंडर बदलावं लागंल, रिम बसती का बघावं लागंल. अन् पासिंगला कुणी इचारलं तर?” हा प्रश्न रास्त होता; 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ रचनेतील फेरफाराच्या आड येते, आणि पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा योग्यतेचा दाखला मिळवावा लागतो. मग त्यांनी टाकीचे झाकण उघडून आतले ब्रेक ऑइल दाखवले. ते काकवीसारखे काळे होते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 दर्जाचे ताजे तेल निदान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पुरेसा ओलावा शिरला की ही मर्यादा 140 च्या आसपास येते. तेलाची वाफ झाली की पॅडल वाफेला दाबते, गाडीला नव्हे. तेव्हा नवे लायनर, लेथवर चढवून साफ केलेले ड्रम, नवे होजपाइप, नवे तेल आणि (अखेर गाडीला थांबवतो तो टायर, म्हणून) नवे टायर एवढ्यावर तडजोड झाली. यांतले टायर सोडले तर काहीही बाहेरून दिसत नाही, हे दुःख मी गिळले.

गाडी आता सरळ रेषेत आणि बिनतक्रार थांबते. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरच्या भवानीआईच्या दर्शनाला रात्रभर पायी चालणारी माणसे घाटाच्या कडेने दिसली की मी पॅडलवर विश्वासाने पाय ठेवतो, आणि ल मॉं वगैरे काही आठवत नाही. परंतु आपले ब्रेक कितीही उत्तम असले, तरी पुढचा अडथळा डोळ्यांना दिसल्यावाचून पाय हलत नाही. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारातून निघतात. त्यांतल्या कित्येकींना ना स्वतःचा ब्रेक असतो, ना मागे दिवा. याचा मला संताप येतो, आणि तो विनोदात बसत नाही. ट्रॉलीमालकांना विनंती आहे: ब्रेक जेव्हा बसतील तेव्हा बसोत, पण मागे तांबडा रिफ्लेक्टर आजच लावा, आणि चढावर थांबलात तर चाकाखाली लावलेले दगड निघताना रस्त्यावर ठेवून जाऊ नका.