पंपाची टोपली : एक साधनचिकित्सा

पुण्या-ठाण्याकडच्या गृहसंकुलांत जलतरण तलावाविषयी बोलताना त्याच्या निळ्या टाइल्स आणि त्यापायी वाढलेला मासिक मेंटेनन्स यांचाच उल्लेख होतो. ज्याच्या जिवावर ते पाणी पाण्यासारखे दिसते तो पंप मात्र तलावामागच्या एका बुटक्या खोलीत असतो आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न पंप बंद पडल्याखेरीज कोणालाही पडत नाही.

पंप पाणी ओढतो हा या विषयातील आद्य गैरसमज होय. वस्तुतः पंपातील इम्पेलर, म्हणजे वाकड्या पात्यांची चकती, गरगर फिरून पाणी बाहेरच्या बाजूस भिरकावते, त्यामुळे मध्यभागी दाब उतरतो आणि तलावावर भार टाकून बसलेले वातावरण पाण्याला त्या दिशेने ढकलते. काम वातावरण करते आणि नाव पंपाचे होते, ही रीत मॅनेजिंग कमिटीला मुळीच अपरिचित नसते. या व्यवहारात हवा शिरली की सारेच बिनसते. गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली ओ-रिंग नावाचे रबरी कडे असते; ते सुकले, चिरले किंवा त्यावर वाळूचा एखादा कण बसला, तरी पंप हवा घेतो, झाकणाखाली बुडबुडे नाचू लागतात आणि पाणी तुटते. अशा वेळी ते कडे पुसून, त्यावर सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवून, गाळणीत बादलीभर पाणी ओतावे लागते; यास प्रायमिंग, म्हणजे पंपाची तहान आधी भागवून मग त्याच्याकडे पाणी मागणे, असे म्हणतात. कमिटीत रूढ असलेला उपाय बटण पुन्हा पुन्हा दाबण्याचा आहे. कोरड्या चाललेल्या पंपाचे सील, जे पाण्यानेच थंड राहते, त्यात जळते, आणि मग गळणारे पाणी मोटरच्या बेअरिंगपर्यंत पोचते.

बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल अशा तलावात 86,400 लिटर पाणी मावते, आणि ते सहा तासांत एकदा गाळणीतून फिरवायचे तर पंपाने ताशी 14,400 लिटर पाणी द्यावे लागते. तथापि सहा तासांनी सगळे पाणी गाळून झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते आणि प्रत्यक्षात सुमारे 63 टक्केच पाणी एकदा तरी गाळणी पाहून येते. उरलेले 37 टक्के, वार्षिक सभेला कधीच न येणाऱ्या सभासदांप्रमाणे, बाहेरच राहते, आणि आलेलेच पुन्हा पुन्हा येतात.

वाळूच्या फिल्टरात कचरा साठला की प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय वर चढतो, तेव्हा पाण्याची दिशा उलटी करून वाळू धुवावी लागते, हाच बॅकवॉश. मिनिटाला 240 लिटर या हिशेबाने त्यात तीन मिनिटांत 720 लिटर पाणी गटारात जाते, आणि मे महिन्यात टँकरची बिले भरणाऱ्या खजिनदारास ते पाहवत नाही, म्हणून बॅकवॉश पुढे ढकलण्याचा ठराव एकमताने होतो व पाणी हळूहळू हिरवट होते. व्हॉल्व्हचा दांडा पंप बंद करूनच फिरवावा, नाहीतर आतले गॅस्केट फाटते, हे त्याच दांड्यावर लिहिलेले असते. ते वाचण्याचा मान गॅस्केट फाटल्यानंतर मिळतो.

या साऱ्यात अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गाळणीतील प्लास्टिकची टोपली, कारण इम्पेलरपर्यंत जाऊ नये असे सर्व काही तीत अडकते आणि इतिवृत्तात न आलेले बरेचसे तीतच सापडते. ऑपरेटर पंप बंद करून, झाकण फिरवून, ती उपडी करतो व फरशीवर दोनदा आपटतो, तेव्हा गुलमोहराच्या पाकळ्या, केसांचे रबर, सुटलेली बँडेजची पट्टी, वेफर्सच्या पाकिटाचा कोपरा आणि, तलावात खाण्यास बंदी असल्यामुळे विशेष लक्षणीय ठरणारे, भुईमुगाचे टरफल बाहेर पडते. टोपी सक्तीची असल्याची पाटी तलावाकाठी असतेच. टोपलीच्या भोकांत गुंतलेले लांब केस मुळाशी पांढरे आणि पुढे मेंदीने तांबूस असतात, आणि ही पाटी लावण्याचा आग्रह कोणी धरला होता हे ऑपरेटरला पक्के ठाऊक असते. तो ते केस बोटांनी सोडवतो, टोपली नळाखाली धुतो, झाकण घट्ट बसवतो, बुडबुडे थांबेपर्यंत उभा राहतो आणि भिंतीला टांगलेल्या रजिस्टरात लिहितो, ‘पंप ओके’.