आडवी खुर्ची

न्यू जर्सीतलं पार्सिपनी दुसऱ्यांच्या प्रवासावर बऱ्यापैकी पोट भरतं. भाड्याने मोटारी देणाऱ्या एव्हिस बजेटचं मुख्यालय इथे, विंडम हॉटेल्सचं इथे, शिवाय औषध कंपन्यांच्या कचेऱ्या. त्यामुळे कामासाठी कधी बासेल तर कधी हैदराबाद गाठणारा मराठी गृहस्थ इथे दर दोन घरांआड सापडतो. आपण त्याला पार्सिपनीकर म्हणू.

पार्सिपनीकर पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. पदाने डायरेक्टर, पाठीने एल-फोर एल-फाइव्ह. कंपनीच्या नियमाप्रमाणे बिझनेस क्लास व्हाइस प्रेसिडेंटपासून सुरू होतो. खालच्यांना सवलत एवढीच, की प्रीमियम इकॉनॉमीच्या भावात बसत असेल तर खुशाल बिझनेसने जा. हा नियम ज्याने लिहिला त्याला वाटलं असणार की असं कधी बसणारच नाही. त्याने मंडईत वाढलेला माणूस पाहिलेला नव्हता.

रात्री दहा वाजता, जेवणं उरकली की, पार्सिपनीकर लॅपटॉप उघडतात. वहिनी विचारतात, "अहो, झोपायचं नाही का?" "झोपण्याचंच बघतोय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांना खुर्चीपेक्षा तिकिटावरच्या अक्षरात रस. युनायटेडच्या एकाच केबिनमधल्या एकसारख्या खुर्च्या जे, सी, डी, झेड, पी अशा अक्षरांनी विकल्या जातात. जे सगळ्यांत महाग, पी सगळ्यांत स्वस्त. "जे-मध्ये बसलेला माणूस बघितला की मला त्याची कीव येते," असं ते म्हणतात आणि ते खरंच कळवळून म्हणतात.

अमेरिकेत नियम आहे, की प्रवासाला निदान 7 दिवस असताना विमान कंपनीकडून थेट तिकीट काढलं, तर 24 तासांत दंड न भरता ते रद्द करता येतं (किंवा कंपनीने तोच भाव 24 तास राखून ठेवायचा). सरकारने हा नियम गोंधळलेल्या प्रवाशांसाठी केला. पार्सिपनीकर त्याच्या जोरावर रोज रात्री तिकीट काढतात आणि दुसऱ्या रात्री त्याहून वीस डॉलर स्वस्त दिसलं की आदलं रद्द करतात. त्यांच्या क्रेडिट कार्डाच्या हिशेबात पैसे भरतीसारखे येतात आणि ओहोटीसारखे जातात.

त्यांच्याकडे पुराणकथाही आहेत. 1999 साली कॅलिफोर्नियात डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने पुडिंगचे 12,150 डबे घेतले, कारण वेष्टनावरच्या बारकोडांना विमानाचे मैल मिळत होते. 3,140 डॉलरांत त्याने साडेबारा लाख मैल कमावले. ही कथा पार्सिपनीकर दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या रांगेत, दरवर्षी सांगतात. मग चुकीच्या भावांचं आख्यान. फेब्रुवारी 2015 मध्ये युनायटेडच्या डेन्मार्कच्या साइटवर लंडन-न्यूअर्क पहिल्या वर्गाचं तिकीट शंभर डॉलरांच्याही खाली दिसलं. हजारोंनी घेतलं, कंपनीने रद्द केलं आणि परिवहन खात्यानेही कंपनीचीच बाजू धरली. उलट 2019 च्या नववर्षदिनी कॅथे पॅसिफिकने व्हिएतनाम-न्यूयॉर्क बिझनेसचं जाऊन-येऊन तिकीट 675 डॉलरांना विकलं आणि चूक कळल्यावरही शब्द पाळला. "याला म्हणतात खानदान," असं म्हणून पार्सिपनीकर चकली मोडतात.

आता त्यांचे पराक्रम. सुट्टीच्या मोसमात साहेबलोक दौरे काढत नाहीत, म्हणून युरोपची बिझनेस तिकिटं ऑगस्टमध्ये उतरतात. पार्सिपनीकरांनी बासेलची तिमाही बैठक ऑगस्टमध्ये लावली. भाव अप्रतिम मिळाला. बासेलला पोचल्यावर कळलं की भाव ज्या कारणाने उतरला त्याच कारणाने कचेरीतही कोणी नव्हतं. बैठक व्हिडिओवर झाली. समोरचे सगळे कुठल्या ना कुठल्या समुद्रकिनाऱ्यावर आणि पार्सिपनीकर एकटे रिकाम्या कॉन्फरन्स रूममध्ये, टाय लावून.

दुसऱ्यांदा त्यांना शोध लागला की तोच प्रवास मॉन्ट्रियलपासून सुरू केला तर पुष्कळ स्वस्त. मॉन्ट्रियलपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं. न्यूअर्कला बर्फ पडलं. दोन तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान चुकल्याचं दुसऱ्या कंपनीला सुतक नसतं. पार्सिपनीकर शेवटी इकॉनॉमीच्या मधल्या खुर्चीत, दोन पैलवानांच्या मध्ये बसून गेले. हा प्रवास ते मोजत नाहीत.

यात फायदा कोणाचा, हा प्रश्न वहिनींनी एकदा विचारला होता. वाचलेले पैसे कंपनीचे, जागरण यांचं. पण मैल यांचे! कामाच्या प्रवासावर मिळालेले मैल स्वतःसाठी वापरले तरी त्यावर कर मागणार नाही, असं अमेरिकी आयकर खात्याने 2002 साली जाहीर केलं. पार्सिपनीकरांना त्या परिपत्रकाचा क्रमांक पाठ आहे. लग्नाच्या तारखेची त्यांना फोन आठवण करून देतो.

आणि शेवटी जेव्हा ती आडवी होणारी खुर्ची मिळते, तेव्हा ते झोपत नाहीत. झोपलं तर वसूल कसं होणार? ते सूप पितात, चीज खातात, तीन सिनेमे अर्धे-अर्धे बघतात, पायमोज्यांची थैली बॅगेत टाकतात आणि खुर्ची वर-खाली करून सगळी बटणं चालतात याची खात्री करून घेतात. मुंबईला उतरतात तेव्हा त्यांचे डोळे इकॉनॉमीतल्या माणसापेक्षा लाल असतात. मधे एकदा, दिवे मंद झाल्यावर, ते शेजाऱ्याकडे झुकून हळूच विचारतात, "तुमचं किती पडलं?" एका खेपेला शेजारचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "माझं इकॉनॉमीचंच होतं. तिथे जास्त माणसं झाली, म्हणून यांनीच इकडे बसवलं." पार्सिपनीकरांनी त्यानंतर अरबी समुद्र येईपर्यंत कोणाशी शब्द काढला नाही.

तरीही तुम्हाला परदेशी कामाला जायचं असेल तर सल्ला त्यांचाच घ्या. माणूस लाखमोलाचा आहे, रात्री बाराला फोन केलात तरी उचलेल आणि तुमचे निदान हजार डॉलर वाचवेल. फक्त तिकीट आधीच काढून झालं असेल, तर त्यांना भाव सांगू नका.