सावकाश! पुढे दलदल आहे

ताडोबा करून आलेल्या मराठी माणसाला ‘वन्यजीव’ म्हटलं की एकच प्राणी दिसतो, आणि तो दिसला नाही तर जिप्सीचे पैसे वाया गेले असं त्याचं ठाम मत असतं. माझंही होतं. आयर्लंडमध्ये संसार थाटल्यावर ते हळूहळू गळून पडलं, कारण इथे वाघ नाही, अस्वल नाही आणि साप औषधालाही नाही. दलदल मात्र भरपूर. या देशाच्या जवळजवळ एक पंचमांश जमिनीवर पीट आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजून थांबलेल्या वनस्पतींचे थरावर थर. अशा दलदलीला इथले लोक बॉग म्हणतात आणि उन्हाळ्यात ‘सहकुटुंब वन्यजीव फेरी’ जाहीर करून पोराबाळांना तिच्यावर फिरायला नेतात.

यंदा साताऱ्याहून आत्या आली होती, म्हणून तिलाही घेऊन ऑफली काउंटीतल्या क्लारा बॉगला गेलो. बरोबर बायको, सात वर्षांची धाकटी आणि केसांना जेल लावल्याशिवाय कचरा टाकायलाही बाहेर न पडणारा आमचा चौदा वर्षांचा थोरला. आत्याची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, हे इथेच सांगून ठेवतो. कारण आमच्या घरात बॉग कुणाला खरी कळली असेल तर ती तिला.

क्लारा बॉगवर पहिल्या नजरेत बघण्यासारखं काहीही नाही. तपकिरी-हिरवी सपाटी, मधूनमधून पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत, वर आभाळ आणि त्या दोघांच्या मधोमध चिलटं. फिरायला लाकडी फळ्यांची वाट आहे, किलोमीटरभराचा फेरा घालून ती परत आणून सोडते. धाकटीनं गळ्यातली दुर्बीण चारी दिशांना फिरवली आणि रडव्या आवाजात विचारलं, “प्राणी कुठे आहेत?” फेरी नेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, दुर्बीण ठेव आणि गुडघ्यांवर बस.

मग आम्ही सगळे फळ्यांवर ओणवे झालो. बाईंनी ओल्या शेवाळाचा एक गोळा उचलून पिळला, तर कपडे पिळावेत तसं पाणी गळायला लागलं. स्फॅग्नम हे त्याचं नाव. हेच शेवाळ पहिल्या महायुद्धात कापसाऐवजी सैनिकांच्या जखमांवर बांधत असत. हिमयुग सरल्यावर इथे तळं होतं. ते हळूहळू भरत गेलं आणि वर हे शेवाळ चढलं. पावसाच्या पाण्याखेरीज त्याला दुसरं काही मिळत नाही आणि लागतही नाही. ते आपल्या भोवतीचं पाणी आंबट करून टाकतं. त्या साचलेल्या, आंबट पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे कुजवणारे जीवजंतू हात टेकतात. मेलेलं शेवाळ कुजत नाही, नुसतं खाली दबत जातं. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे हजार वर्षांत एक मीटर. आमच्या पायांखाली असे कित्येक मीटर होते.

आत्यानं हे सगळं मान डोलवत ऐकून घेतलं. “म्हणजे आवक चालू, नोंद चालू, निकाल मात्र कशाचाच नाही,” ती म्हणाली. “अरे, ही तर आमची रेकॉर्ड रूम!”

यापुढे फेरीचा ताबा तिच्याकडेच गेला. वाटेच्या कडेला एक इवलंसं लाल रोपटं होतं, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. बाई काही बोलायच्या आत आत्या ओरडली, “दवबिंदू!” कासच्या पठारावर याच्या भावंडांपुढे ती अनेकदा अशीच ओणवी झालेली. जमीन निकस असली की झाडं किडे खाऊन नत्राची गरज भागवतात, हे तिनं निम्म्या मराठीत, निम्म्या इंग्रजीत त्या बाईंनाच समजावून सांगितलं. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. आयरिश माणसांचा हा गुण मला फार आवडतो. एका पानावर नुकतंच एक चिलट अडकलं होतं. शिकार म्हटल्याबरोबर थोरल्यानं मोबाइल काढला. पान त्याच्या सवडीनं मिटणार होतं, ते काही हलेना. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “हे दुप्पट वेगात नाही का बघता येणार?”

धाकटीला शेवटी प्राणी मिळाला. ऊन खात फळीवर पसरलेला बोटभर लांबीचा तपकिरी सरडा. आयर्लंडच्या जमिनीवरचा मूळचा सरपटणारा प्राणी हा एवढा एकच, आणि थंडीमुळे तो अंडी न घालता थेट पिल्लांनाच जन्म देतो. फेरीतली सगळी आयरिश पोरं श्वास रोखून बघत राहिली. आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, “साताऱ्याच्या घरात ट्यूबलाइटमागे चार आहेत. तिकीट लावायला हवं होतं.”

मग लोण्याची गोष्ट निघाली. पूर्वी लोक लाकडी भांड्यांत लोणी भरून बॉगमध्ये पुरत. सुरक्षित राहावं म्हणून, की देवाला म्हणून, यावर विद्वानांत वाद आहेत. काहींनी पुरलेलं मागे राहिलं आणि दोन-तीन हजार वर्षांनी पीट काढणाऱ्यांच्या हाती लागलं. रंग बदललेला, पोत मेणासारखा, पण लोणीच. आत्यानं विचारलं, “कढवून तूप का नाही केलं? पुरायची गरजच पडली नसती.” बाईंपाशी याला उत्तर नव्हतं. पुरातत्त्वज्ञांपाशी तरी असेल का, मला शंका आहे.

बॉगचं खरं काम अर्थात लोणी सांभाळण्याचं नाही. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्क्यांवर पीट आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांत मिळून नसेल इतका कार्बन त्यात अडकून पडला आहे. चर खणून पाणी काढलं की तुंबलेलं सगळं एकदम निकाली निघायला लागतं आणि हवेत जातं. आयर्लंडनं हे उत्साहानं केलं. त्यासाठी १९४६ मध्ये ‘बोर्ड ना मोना’ ही सरकारी कंपनी काढली, पीट जाळून वीज केली, घरं ऊबदार ठेवली. गरिबीच्या काळात तो मोठाच आधार होता, त्यामुळे आज शहाणपणानं नाकं मुरडण्यात मला अर्थ वाटत नाही. कंपनीनं २०२१ मध्ये पीट काढणं कायमचं थांबवलं. क्लारा त्याच्या बरीच आधी वाचली. पीट काढायच्या तयारीनं १९८० च्या दशकात तिच्या पूर्वेकडच्या भागात चर खणून झाले होते, मग १९८७ मध्ये तिला संरक्षण मिळालं आणि पुढे माणसं लावून तेच चर बुजवावे लागले. आत्याला यात नवल वाटलं नाही. “खणायचं एक बिल, बुजवायचं दुसरं. दोन्ही फायली जपून ठेवा म्हणावं.”

परतताना बाईंनी एक गोष्ट सांगितली आणि थोरल्याच्या कानातले इअरफोन निघाले. २००३ मध्ये याच काउंटीत क्रोहन टेकडीपाशी चर खणताना एका माणसाचं धड सापडलं. सव्वादोन हजार वर्षांच्या आसपासचं, पण कातडी शाबूत आणि नखं अशी की या हातांनी कधी कष्टाचं काम केलं नसावं. उंची साडेसहा फुटांच्या जवळपास असावी. खून झालेला, बहुधा बळी दिलेला. त्याच वर्षी शेजारच्या मीथ काउंटीत त्याच काळातला दुसरा एक सापडला. त्यानं केस वर उभे करून त्यांना फ्रान्स किंवा स्पेनकडून आलेल्या राळेचं जेल लावलं होतं.

पुढच्या शनिवारी आम्हाला डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओढून नेणारा थोरला होता, यावर बायकोचा अजून विश्वास बसत नाही. तो जेलवाल्याच्या काचेपुढे उभा राहिला आणि मधूनच स्वतःच्या केसांवरून हात फिरवू लागला. आत्या क्रोहनच्या माणसापाशी होती. चष्मा वर-खाली करत तिनं सगळी माहिती वाचली. शास्त्रज्ञांनी त्याच्या पोटातलं शेवटचं जेवणसुद्धा शोधून काढलं आहे: धान्य आणि ताक.

“रात्रीचं घेतलं असणार,” आत्या म्हणाली. “मी तुम्हाला काय सांगत असते?”