जवळच तं आहे जी!

वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही, समुद्रपूर आहे. डोंगरही बेताचेच. कपाशी, तूर, सोयाबीन आणि मधूनच एखादी टेकडी, असा एकूण सपाट कारभार. अशा मुलखात ट्रेकिंगवाला माणूस खरं तर निपजायला नको. पण निपजतो. आर्वी, सेलू, पुलगाव, हिंगणघाट, कुठेही जा, गावागणिक एक नमुना हमखास. पाळण्यातलं नाव काहीही असो, लोक त्याला भाऊसाहेब म्हणतात.

भाऊसाहेब बहुधा निवृत्त असतात. नोकरीत असताना ते कचेरीतून समोरच्या चहाच्या टपरीपर्यंतही स्कूटरनेच जात. मग एक दिवस डॉक्टर रक्तातल्या साखरेचा आकडा सांगतात आणि रोज चालायला बजावतात. असं बजावल्यावर चार माणसं चालू लागतात. भाऊसाहेब चालवू लागतात.

पहाटे पाचला फोन येतो. "झोपले का जी?" हा प्रश्न पहाटे पाचला विचारू शकणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल. आपण 'हो' म्हटलं तरी ते ऐकत नाहीत, कारण त्या 'हो'वरूनच आपण जागे असल्याचं सिद्ध झालेलं असतं. साडेपाचला चौकात भाऊसाहेब उभे असतात. डोक्यावर कोण्या खताच्या कंपनीची टोपी, टोपीवरून बांधलेला दुपट्टा, गळ्यात शिटी, हातात वेळूची काठी आणि पाठीवर नातवाचं जुनं दप्तर. दप्तरात गोरस पाकाचा पुडा असतो. वर्धेकराला तुपातला हा खुसखुशीत ऐवज बरोबर असल्याशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडवत नाही. दुसरी वस्तू खिशात असते : कांदा. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, या गोष्टीवर आमच्याकडे वैद्यकशास्त्रापेक्षा जास्त विश्वास आहे. भाऊसाहेब डिसेंबरातही कांदा काढून ठेवत नाहीत. सवय मोडते म्हणतात.

आणि एक वाक्य. भाऊसाहेबांचं सगळं वाङ्मय त्या एका वाक्यात आहे : "जवळच तं आहे जी!"

वर्ध्याची हनुमान टेकडी जवळ आहे, हे आम्हीही मान्य करतो. पवनारला धाम नदीचा काठ जवळ आहे, हेही एक वेळ चालेल. पण गिरडची टेकडीही जवळ, ढग्याचं रानही जवळ आणि महाकाळीचं धरण तर "हे काय, या वळणाच्या मांगंच." वळणं मात्र ते किती मोजतात ते कधी कळत नाही. 'हाकेच्या अंतरावर' असं ते म्हणतात तेव्हा ती हाक त्यांची स्वतःची असते, हे नव्या माणसाने ध्यानात ठेवावं. त्यांच्या घरचे लोक ध्यानात ठेवूनच असतात. वहिनी एकदा दारातच म्हणाल्या, "यायनं 'जवळ' म्हटलं तं शिदोरी घ्या. 'अगदी जवळ' म्हटलं तं पांघरूण घ्या."

आमच्यातला एक कॉलेजातला मुलगा पावलं मोजणारं ॲप घेऊन आला होता. परतीला त्याने मोबाइल पुढे केला : अकरा किलोमीटर. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून आकडा पाहिला आणि म्हणाले, "ते तुह्यं यंत्र आडवं, उभं, सगळंच मोजते बाबू. वाट सरळ आहे."

वाटेवरच्या झाडांच्या बाबतीत मात्र माणूस पक्का. पळस, मोह, धावडा, टेंभुर्णी, चारोळी. पान न तोडता, नुसत्या सालीवरून ओळखतील. फाल्गुनात पळस पेटला की ते आम्हाला रानात नेऊन पाच मिनिटं गप्प उभं करतात. सहाव्या मिनिटाला शिटी वाजवतात.

त्यांची खरी खंत आहे बोर. सेलू तालुक्यातलं बोरचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. आकाराने अगदी भाऊसाहेबांच्या 'जवळच'मध्ये बसणारं. पण तिथे पायी फिरायला बंदी. जिप्सीत बसायचं, उतरायचं नाही. भाऊसाहेब जिप्सीत बसतात ते शिक्षा भोगायला बसल्यासारखे. बोरची नामांकित वाघीण कॅटरिना गाडीपुढून रस्ता ओलांडत होती तेव्हा सगळ्यांनी मोबाइल वर केले. भाऊसाहेब तिच्या पायांकडे पाहत होते. "पाहा, पाहा! टाच टेकते का? नाही टेकत. याले म्हणते चाल." मग एक लांब सुस्कारा सोडून म्हणाले, "तिले पायी फिरू देतात. आपल्यालेच नाही."

कोणी कुरकुर केली की भाऊसाहेब इतिहास काढतात आणि इथे वर्धेकराचा नाइलाज होतो, कारण हा जिल्हाच चालणाऱ्यांचा. ३० एप्रिल १९३६ला गांधीजी मगनवाडीहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी गेले. आठेक किलोमीटर. "एप्रिलमंधी! वर्ध्याच्या एप्रिलमंधी!" हे वाक्य भाऊसाहेब दोनदा म्हणतात. १९५१च्या मार्चमध्ये विनोबा इथूनच हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची पहिली जमीन मिळाली आणि मग ते चालणं तेरा वर्षं पुरलं. "तेरा वर्षं! अन् तुमची काय, एका रविवारची सकाळ." यावर कोण काय बोलणार? बुटाची नाडी बांधायची आणि उठायचं.

कोकणची सहल याच इतिहासातून उपटली. एका सकाळी टेकडीवर गोरस पाक वाटता वाटता भाऊसाहेबांनी दांडीयात्रा काढली. १२ मार्च १९३० ते ५ एप्रिल, साबरमतीहून दांडीचा किनारा, सुमारे ३८५ किलोमीटर आणि चालणाऱ्याचं वय साठ. "साठीचा माणूस समुद्रापर्यंत पायी गेला. आपण निदान समुद्रापाशी जाऊन तं चालू! तिथं किनाऱ्याले लागूनच रान आहे म्हणते. एकदम सोपी वाट." कुठे, असं विचारलं तर म्हणाले, "फणसाड. मुरूडच्या अल्याड. जवळच तं आहे जी!"

हे जवळ म्हणजे विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग आणि मग रेवदंडा, काशीद करत एसटी. लाँचच्या मागे पांढरे कुरव भिरभिरत होते. बँकेतल्या मॅडमनी विचारलं, "भाऊसाहेब, हे कोणते पक्षी?" वर्ध्यात सालीवरून झाड सांगणारे भाऊसाहेब क्षणभर घुटमळले. मग ठाम आवाजात म्हणाले, "हे इकडचे आहेत."

मुरूडला खोलीत पाऊल टाकताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "कूलर कुठं आहे?" मालकाने पंख्याकडे बोट केलं. कूलर नसलेलं घर हे वर्धेकराच्या लेखी अर्धवट बांधकाम. पण कारण सरळ आहे. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला तरी हवा कोरडी असते. वाळ्याच्या ताटीवरचं पाणी उडून जातं आणि वारा गार होतो. अंगावरचा घामही तसाच उडतो, म्हणून वैदर्भी माणूस उन्हात टिकतो. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतकं पाणी की तुमचा घाम तिला नको असतो. तो अंगावरच राहतो. त्यामुळे पंचेचाळीस अंशांत ताठ चालणारे भाऊसाहेब फणसाडच्या वाटेवर तिशीच्या आतच पार निथळले. दुपट्टा पिळला, पुन्हा बांधला, पुन्हा पिळला. खिशातल्या कांद्याचा उपयोग होईना. तो बिचारा कोरड्या उन्हासाठी नेमलेला.

फणसाड म्हणजे पूर्वीचं जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. १९८६ साली अभयारण्य झालं. मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेली पन्नासेक चौरस किलोमीटरची गर्द झाडी. आमच्याकडच्या पानगळीच्या रानात हिवाळा सरला की आरपार दिसतं. इथे दहा पावलांवरचा माणूस दिसेना. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात आणि वाटा एका गाणीवरून दुसऱ्या गाणीकडे जातात. बोरला नसलेली मुभा इथे होती : वाटाड्या घ्या आणि पायी हिंडा. भाऊसाहेबांनी वाटाड्या घेतला तो केवळ नियम म्हणून. सुपेगावकडचा विशीतला पोरगा, पायात स्लीपर, हातात कोयता. त्याने अंजनीची झाडं दाखवली, माणसाच्या हाताहून लांब शेंगा धरणारा गारंबीचा वेल दाखवला. मग एकदम बोट ओठांवर ठेवून वर पाहायला सांगितलं. उंच फांदीवर शेकरू पसरलं होतं. तांबूस अंग, झुपकेदार शेपटी, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. सगळे श्वास धरून उभे. मागे राहिलेल्या, आमच्यातल्या एका डॉक्टरांनाही दिसावं म्हणून भाऊसाहेबांनी शिटी वाजवली. शेकरू कुठे गेलं ते शेकरूलाच ठाऊक. डॉक्टर आले आणि विचारू लागले, "काय होतं?"

तासाभराने मॅडम एका दगडावर बसल्या. "अजून किती?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं. भाऊसाहेबांचं तोंड उघडलंच होतं, एवढ्यात तो पोरगा म्हणाला, "लांब हाय. अजून दीड तास. चढ हाय."

रानात शांतता पसरली. भाऊसाहेबांच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होतं. वाट दाखवणारा माणूस खरं अंतर सांगत होता! मॅडम दगडावर आणखी सैल झाल्या, डॉक्टरांनी बूट काढला, कॉलेजवाल्या मुलाने परतीची भाषा सुरू केली. भाऊसाहेबांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला झाडाआड नेलं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बाबू, तू चांगला पोरगा आहेस. पण असं सांगत नसतात. अंतर सांगायचं नसते, कापायचं असते. तू दीड तास म्हणालास, ते तिथंच बसले. 'थोडंसंच' म्हणाला असतास तं अर्धा तास आले असते. मंग आणखी थोडंसं म्हणायचं. असं करत करत माणूस पोचते."

"पन खोटं कशाला सांगायचं, काका?"

भाऊसाहेबांनी विचार केला. "खोटं कुठं आहे? पोचल्यावर सगळं जवळच वाटते."

दुसऱ्या दिवशी सोपी वाट म्हणून किनाऱ्याचीच निवडली. "समुद्र डाव्या हाताले ठेवायचा अन् चालायचं. हरवाले जागाच नाही." टोकाच्या खडकांना वळसा घालून पलीकडे जायचा बेत होता. वाळू पायाखाली घट्ट, वारा छान, भाऊसाहेब विनोबांवर आले होते. खडकांपाशी पोचलो तर वाट नव्हती. पाणी होतं. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण थांबली आणि म्हणाली, "भरती हाय. ओहोटीला यावा."

"ओहोटी कधी लागते?"

"आज सांजच्याला."

"अन् उद्या?"

"उद्या आणखी उशिरा."

भरती-ओहोटी दर सहा तासांनी पालटते आणि तिची वेळ रोज पाऊणेक तासाने पुढे सरकते, हे तिला घड्याळाशिवाय ठाऊक होतं. भाऊसाहेबांना हे पटेना. वर्ध्यात सकाळी असलेली वाट संध्याकाळीही तिथेच असते. वाट ती, जाणार कुठे! ते काठी टेकून पाण्याकडे बघत राहिले. "पाहा, गेली आपली वाट," म्हणाले. मग आम्हाला वाटलं आता परत फिरणार. त्यांनी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाकडे, त्यामागच्या डांबरी रस्त्याकडे आणि रस्त्यामागच्या टेकाडाकडे नजर टाकली. आम्हाला ती नजर ओळखीची आहे.

"वरून जाऊ. जवळच तं आहे जी!"

आणि आम्ही गेलो. दुपारी दोनला जेवलो, पण गेलो. वरून मुरूडची खाडी, जंजिरा आणि शिडाच्या होड्या एकदम दिसल्या. मॅडम म्हणाल्या, हे सोडून बसले असते तर? भाऊसाहेबांनी उत्तर दिलं नाही. पुडा उघडला आणि गोरस पाक पुढे केला, पहिला तुकडा वाटाड्या पोराला. त्याला त्यांनी आज पदरचे पैसे देऊन पुन्हा बोलावलं होतं. आणि अर्ध्या वाटेवर डॉक्टरांनी "किती राहिलं?" म्हणून विचारलं तेव्हा तो पोरगा आकाशाकडे बघत म्हणाला होता, "थोडंच हाय."

भाऊसाहेबांवर हसणं सोपं आहे, आम्ही रोज हसतो. पण गांधी-विनोबांच्या जिल्ह्यातसुद्धा लोक आज दुधाच्या पिशवीसाठी गाडी काढतात, आणि त्यांतली दहा माणसं दर रविवारी उन्हाआधी घराबाहेर पडतात, ती फक्त या एका माणसाच्या थापेवर. खरं अंतर सांगणारे नकाशे, ॲप आणि पाट्या आता सगळीकडे आहेत. त्या वाचून कोणी बूट घातल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

तुमच्या गावातही असा भाऊसाहेब असेलच. त्याने सांगितलेल्या अंतरावर विश्वास ठेवू नका. पाणी तो म्हणेल त्याच्या दुप्पट घ्या, डबा बांधून घ्या, घरी परतीची वेळ सांगू नका. पण पहाटे पाचला त्याचा फोन आला तर उचला.