भाऊकाकांचं पूलखातं

भाऊकाकांच्या संगणकात रत्नागिरी ते निवसर असा लोहमार्ग आहे आणि त्यावरून अजून एकही गाडी गेलेली नाही. जाईल अशी चिन्हंही नाहीत. मधे पानवल नदीची दरी आडवी येते आणि त्या दरीवरचा पूल काही केल्या काकांच्या मनासारखा होत नाही.

ट्रेन सिम्युलेटर खेळणारी माणसं सहसा इंजिनवेडी असतात. भोंग्यावरून इंजिन ओळखतात, डब्यांचा रंग कधी बदलला यावरून हमरीतुमरीवर येतात. काका त्या पंथातले नव्हेत. 'ट्रेन्झ' या खेळात गाडी चालवण्याचा विभाग वेगळा आणि मार्ग बांधण्याचा वेगळा. पहिल्यात काका आहेराचं पाकीट देऊन मांडवातून सटकावं तसे डोकावून येतात. मुक्काम दुसऱ्यात. गाडीमुळे पुलाचा देखावा झाकला जातो, हे त्यांचं गाडीबद्दलचं एकमेव मत.

वास्तविक या खेळात पूल टाकणं अगदी सोपं आहे. दरीच्या अलीकडे माऊस दाबायचा, पलीकडे दाबायचा, की खांब, कठडे, रूळ यांसकट पूल हजर. काकांना हे अनैतिक वाटतं.

"कोकण रेल्वेनं हा पूल टाकला नाही रे, ढकलला!"

आणि ते खरंच आहे. पानवलच्या पुलाचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरचा. तेवढ्या उंचीला खालपासून परांची बांधत बसण्यापेक्षा तिथल्या इंजिनिअरांनी दरीच्या एका टोकाला काँक्रीटचा तुकडा ओतला, जॅक लावून खांबांवरून पुढे सरकवला, त्याच्या पाठीला पुढचा तुकडा ओतला, आणि असं करत करत पूल पलीकडे पोचवला. त्यामुळे काकाही पूल तुकड्यातुकड्यानं सरकवतात. मधे काँक्रीटला पाणी मारायचे दिवस सोडतात. जून लागला की काम बंद.

"पावसाळ्यात यांची साइट बंद असते," काकू भाजी निवडता निवडता सांगतात. "तेवढ्यात मी दळणं, बँक, सगळं उरकून घेते."

खरी कोकण रेल्वे, म्हणजे रोह्यापासून ठोकूरपर्यंतची ७४१ किलोमीटर, १९९० ते १९९८ या आठ वर्षांत झाली. काका तेवढ्यात या एका पुलाचं निभावतील का, याबद्दल काकू साशंक आहेत.

पण दोष सगळा काकांचा नाही. या खेळातली जमीन म्हणजे ७२० मीटर लांबरुंद पाट, एकाला एक जोडत जायचे. पाटावर दर दहा मीटरला एक बिंदू. तो उचलला की टेकडी, दाबला की खड्डा. हाताने कोकण घडवायचं म्हणजे जन्म जायचा, म्हणून लोक २००० साली अमेरिकी अंतराळयानानं रडारनं केलेली उंचीची मोजणी घेतात. ती फुकट मिळते. पण तिच्यात साधारण दर तीस मीटरला एकच उंची असते, त्यामुळे अरुंद दरी मधल्या मधे बुजते. पानवलची दरी काकांच्या पडद्यावर पहिल्यांदा उमटली तेव्हा ती दरी कमी आणि खाचर जास्त वाटत होती. "नासानं आमची दरी खाल्ली!" असं काका जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. मग स्वतःच खणायला बसले. आणि कोकणातल्या माणसानं खणायला घेतलं की हात आखडता कशाला घेईल? दरी इतकी खोल गेली की खेळातल्या तयार पुलाचे खांब तळाला पुरेनात. सगळे अधांतरी. शेजारच्या चौथीतल्या पोरीनं ते पाहून "आजोबा, पूल उडतोय" असा शेरा मारला, तेव्हापासून तिला साइटवर यायला बंदी आहे.

भाच्यावर बंदी यायचं कारण जास्त गंभीर आहे. रुळांखालची जमीन रुळांच्या उंचीला आणून देणारं एक बटण या खेळात असतं. भराव घालायला फार सोयीचं. भाच्यानं ते पुलावर दाबलं. क्षणात सगळी दरी खालून वर येऊन पुलाच्या पोटाला चिकटली. केलेलं मागे फिरवणारं बटण दाबल्यावर ती परतही आली म्हणा, पण काका अजून म्हणतात, "ही ती दरी नव्हे."

चढाबाबत तर बोलायची सोय नाही. कोकण रेल्वेवर १५० मीटर गेल्यावर फार तर एक मीटर चढायचं, भोर घाटात ३७ मीटरला एक. या दोन आकड्यांच्या मधे काका सगळं जग बसवतात. सोसायटीनं पार्किंगला नवा उतार केला तेव्हा त्यांनी टेप लावून सचिवांना लेखी कळवलं, की हा चढ घाटाहून कडक असून मागून बँकर इंजिन लावल्याशिवाय गाड्या वर येणार नाहीत. सचिवांनी ते पत्र इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं.

परवा दिवाळीत मात्र पूल पुरा झाला. खांब तळाला टेकले, कठडे लागले, काकूंनी पेढे वाटले. शिक्षा माफ झालेला भाचा उत्साहानं इंजिन आणि आठ डबे घेऊन रत्नागिरीहून निघाला. दरी दिसायला लागली तोच काकांनी सिग्नल तांबडा केला.

"काय झालं, मामा?"

"वारा आहे."

खऱ्या पुलावर वारा मोजायचं यंत्र बसवलेलं आहे आणि वारा फार झाला की गाड्या थांबवतात, हे भाच्याला माहीत होतं. मामाच्या सहवासात हे माहीत व्हावंच लागतं.

"पण मामा, या गेममध्ये वाराच नाहीये."

"कशावरून?" काकांनी चष्मा पुसला. "यंत्र कुठं बसवलंय आपण अजून?"